चित्रातला चंद्र, मैंदर्गीचा चंद्र

(मैंदर्गी, ता. अक्कलकोट इथं अंगणवाडीताई, प्राथमिक शिक्षक आणि पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला थोडा भाग दिला आहे.)



आजचा विषय लहान मुलांसाठीची विज्ञानाची चित्रपुस्तकं. लहान म्हणजे साधारण तीन ते आठ वर्षांची मुलं. अंगणवाडीतली, पहिली-दुसरीतली. ज्यांना अजून नीट वाचता येत नाही, पण प्रश्न मात्र दिवसभर पडतात, अशी.

आता तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, की ज्यांना वाचता येत नाही त्यांना कसलं आलंय विज्ञान? आधी अक्षरओळख होऊ दे, मग बघू. मला आज नेमकं याच्या उलट सांगायचं आहे. वाचता येण्याच्या आधीची ही जी तीन-चार वर्षं आहेत, त्यात मूल सगळ्यात जास्त बघत असतं. मुंग्यांच्या रांगेपाशी अर्धा तास बसायला आपल्याला वेळ नसतो, त्याला असतो. ते बघणं टिकवायचं असेल, तर त्याच्या हातात असं काहीतरी द्यायला हवं जे अक्षरांशिवाय वाचता येतं. ते म्हणजे चित्र.

आणि मैंदर्गीत याला आणखी एक कारण आहे. इथं अनेक घरांत कानडी बोलतात. काही घरांत मराठी, काही घरांत उर्दू किंवा दखनी. बाजारात तिन्ही चालतात. मूल घरातून एक भाषा घेऊन येतं, शाळेच्या फळ्यावर कधीकधी दुसरीच असते. शेतात तुरीला ते 'तोगरी' म्हणतं. शेंगेत अळी कुठून शिरते, हेही त्यानं पाहिलेलं असतं. पण वर्गात बाई 'तूर' म्हणतात, 'कीटक' म्हणतात, आणि हे मूल गप्प बसतं. बाईंना वाटतं, याला काही माहीत नाही. माहीत सगळं आहे हो! फक्त शब्द जुळत नाहीत.

अशा वेळी तुरीच्या शेंगेचं चांगलं मोठं चित्र समोर ठेवा. मूल त्यावर बोट ठेवेल आणि बोलायला लागेल. कुठल्या का भाषेत असेना, बोलेल. चित्राला माध्यम नसतं, म्हणजे मराठी माध्यम, कानडी माध्यम या अर्थानं.

ही कल्पना काही आजची नाही. १६५८ साली न्युरेंबर्गमध्ये एक पुस्तक छापलं गेलं, 'ऑर्बिस सेन्शुअलियम पिक्टस'. म्हणजे आपल्या इंद्रियांना जाणवणारं जग, चित्रांतून. लिहिणारे होते कोमेनियस नावाचे शिक्षक. मुलांसाठी खास तयार केलेलं पहिलं चित्रपुस्तक म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्यात अग्नी, पाणी, ढग, झाडं, पक्षी, शेती, सुतारकाम असे सुमारे १५० विषय आहेत. आता गंमत बघा. ते पुस्तक दोन भाषांत होतं, लॅटिन आणि जर्मन. लॅटिन शाळेची भाषा, जर्मन घरची. चित्रातल्या वस्तूंवर आकडे घातलेले, आणि तेच आकडे दोन्ही भाषांतल्या शब्दांपाशी. मुलानं चित्रातला आकडा बघायचा आणि घरच्या शब्दावरून शाळेच्या शब्दावर जायचं. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ही युक्ती आपल्या सीमेवरच्या गावात आजही जशीच्या तशी लागू पडते.

बरं, आता चांगलं विज्ञान-चित्रपुस्तक ओळखायचं कसं? बाजारात रंगीत पुस्तकांना तोटा नाही. गुळगुळीत कागद, एका पानावर बारा फळं, बारा प्राणी, खाली नावं. ती वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण त्यांतून मूल नावं शिकतं, आणि नाव आलं की बघणं संपलं असं आपल्यालाही वाटतं आणि त्यालाही. माझी कसोटी सोपी आहे. पुस्तक मिटल्यावर मूल उठून बाहेर बघायला गेलं का? आणि बाहेरून येऊन पुन्हा पुस्तक उघडलं का? हे झालं, तर पुस्तकानं काम केलं.

दोन-तीन उदाहरणं घेऊन सांगतो.

पहिलं उदाहरण चंद्राचं. चित्रपुस्तकातली चंद्रकोर डोळ्यांसमोर आणा. इंग्रजी 'सी' अक्षरासारखी, नाहीतर त्याच्या उलट, पण उभी. बऱ्याचदा तिला नाक-डोळे असतात, टोपी असते, आणि दोन टोकांच्या मधोमध एक चांदणी लटकलेली असते. आता मैंदर्गीचा चंद्र बघा. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूर्य मावळल्यावर पश्चिमेला बघा. कोर उभी दिसते का? नाही दिसत. ती आडवी पडलेली दिसते, होडीसारखी, दोन्ही टोकं वर. ईदचा चंद्र बघायला गच्चीवर जाणाऱ्या मंडळींनीही हे पाहिलं असेल, कुठल्या महिन्यात जास्त आडवा, कुठल्या महिन्यात थोडा कललेला.

असं का होतं? चंद्राची उजळ बाजू नेहमी सूर्याकडे असते. आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही, साडेसतरा अंशांच्या आसपास आहोत. त्यामुळे इथं सूर्य बऱ्यापैकी सरळ खाली मावळतो आणि कोवळा चंद्र बराचसा त्याच्या वर असतो. उजेड खालून पडतो, म्हणून कोर खालच्या बाजूनं उजळते. युरोपात सूर्य तिरका, क्षितिजाला घासत मावळतो, म्हणून तिथली कोर उभी दिसते. म्हणजे ते चित्र काढणारा खोटं बोलत नव्हता, तो त्याच्या गावचा चंद्र काढत होता. आपण मात्र तो उचलून आपल्या पुस्तकात चिकटवला.

आणि ती मधली चांदणी? कोरीच्या दोन टोकांमधली काळी जागा रिकामी नसते. तिथंही चंद्रच असतो, अंधारातला. त्याच्यापुढं चांदणी येणार कशी? चांदण्या तर चंद्राच्या कितीतरी मागं आहेत.

आता हे पाच वर्षांच्या मुलाला असं समजावून सांगायचं का? मुळीच नाही. त्याला फक्त एवढंच म्हणायचं, "पुस्तकातला चंद्र आणि आपला चंद्र सारखाच आहे का रे? चल, बघू." त्याला वही द्यायची. पंधरा दिवस रोज चंद्र काढायचा, दिसला तर दिसला, नाही दिसला तर कोरं पान. ते कोरं पानही महत्त्वाचं आहे. पंधरा दिवसांनी त्याच्याकडे स्वतःचं चित्रपुस्तक तयार होतं. आणि मोठ्यांनी छापलेल्या चित्रालाही प्रश्न विचारता येतो, हे त्याला कळतं. विज्ञानाची सुरुवात मला इथं दिसते.

दुसरं उदाहरण अळीचं. एरिक कार्ल या चित्रकाराचं एक जगप्रसिद्ध पुस्तक आहे, भुकेल्या सुरवंटाचं. १९६९ साली आलं. पानांना खरीखुरी भोकं आहेत, सुरवंटानं खाल्ल्यासारखी. मुलं त्यात बोट घालतात. आठवड्याचे वार येतात, मोजणी येते, आणि शेवटी फुलपाखरू. पुस्तक सुंदर आहे यात वाद नाही. पण त्यात सुरवंट स्वतःभोवती 'ककून' करतो असं म्हटलंय, आणि जाणकारांनी लगेच म्हटलं, की ककून करतात ते बहुतेक पतंग. फुलपाखराचा सुरवंट धाग्यांचं घर बांधत नाही. तो कात टाकतो आणि आतून जे निघतं, तोच त्याचा कोष. इंग्रजीत त्याला वेगळा शब्द आहे.

मराठीत काय झालंय, आपण दोन्हीला 'कोष' म्हणतो. त्यामुळे चूक दिसतच नाही. पण दाखवायची सोय आपल्याकडे आहे. आपल्या जिल्ह्यात, मराठवाड्यात तुतीवर रेशीम घेणारे शेतकरी आहेत. रेशमाचा एखादा कोष मिळाला तर आणा, मुलाच्या हातात द्या. हलवला की आत खुळखुळतं. हे धाग्याचं घर. आणि मग रस्त्याकडेच्या रुईपाशी जा. रुईच्या पानावर काळे-पांढरे-पिवळे पट्टे असलेली अळी सापडते. प्लेन टायगर नावाच्या केशरी फुलपाखराची ती अळी. तिचा कोष गुळगुळीत, पानाखाली किंवा काडीला लटकलेला, धाग्याचं घर नाहीच. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सगळा प्रवास साधारण तीन-चार आठवड्यांत होतो, म्हणजे शाळेच्या एका महिन्यात बसतो. फक्त एक सांभाळा, रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. पान मोठ्यांनीच तोडायचं आणि हात धुवायचे.

आणि हरभऱ्यातली घाटेअळी? ती इथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या पोराला माहीत आहे. तिचं पुढं काय होतं, हे मात्र पुस्तकात सहसा नसतं. ती पूर्ण वाढली की खाली उतरते, जमिनीत शिरते, मातीत कोष करते आणि मातकट रंगाचा पतंग होऊन बाहेर येते. रात्री दिव्याभोवती फिरणाऱ्या पतंगांत तीही असू शकते. फुलपाखराची गोष्ट गोड असते, घाटेअळीची गोष्ट बापाच्या चिंतेची असते. पण मुलासाठी दोन्ही सारख्याच नवलाच्या आहेत. आणि दुसरी त्याच्या घरातली आहे. असं एखादं पुस्तक कुणीतरी करायला हवं, मी तर म्हणतो इथल्याच शिक्षकांनी करावं.

आता शब्दांचं बघा. फुलपाखराला कानडी पुस्तकात 'चिट्टे' म्हणतात. पण उत्तर कर्नाटकाकडच्या बोलीत शब्द आहे 'पातरगित्ती'. म्हणजे कानडी माध्यमातल्या मुलालाही पुस्तकातला शब्द घरचा वाटेलच असं नाही. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे, कानडीचे एवढे मोठे कवी, त्यांच्या घरची भाषा मराठी. १९४४ ते १९५६ या काळात ते आपल्या सोलापुरात महाविद्यालयात शिकवत होते. त्यांनी मुलांसाठी फुलपाखरावर कविता केली तेव्हा हाच बोलीतला 'पातरगित्ती' घेतला. मग आपण कशाला लाजायचं? चित्राखाली तीन शब्द लिहा की! फुलपाखरू, चिट्टे, पातरगित्ती. उर्दू घरातलं मूल 'तितली' सांगेल, तोही लिहा. सगळे देवनागरीत लिहिले तरी चालतील.

तिसरं उदाहरण थोडक्यात. पाण्याचं चक्र. चित्रात काय असतं? डावीकडं समुद्र, उजवीकडं बर्फाचा डोंगर, मधे ढग. मैंदर्गीच्या मुलानं समुद्रही पाहिलेला नसतो आणि बर्फाचा डोंगर तर नाहीच. मग त्याला वाटतं, हे चक्र कुठंतरी लांब फिरत असतं. त्याला त्याच्या जवळचं चक्र दाखवा. मातीचा माठ बाहेरून ओला होतो, ते पाणी वाळताना माठातलं पाणी गार करतं. चैत्रात विहिरीतली पाण्याची रेघ खाली जाते. कुरनूर धरणातलं पाणी उन्हाळ्यात आटतं, त्यातलं काही वाफ होऊन वर जातं. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या गावात बाष्पीभवन शिकवायला समुद्र कशाला हवा? ओल्या फडक्याचं आणि वाळलेल्या फडक्याचं चित्र पुरतं.

तर पुस्तक निवडताना माझ्या मते एवढं बघा. चित्रातलं जग मुलाला बाहेर जाऊन पडताळता येईल का? आकारांचं भान ठेवलंय का, की मुंगी आणि हत्ती एकाच मापाचे काढलेत? झाडाला मुळं दाखवलीत का? पावसाचा थेंब अश्रूसारखा टोकदार आहे का? कारण खरा छोटा थेंब गोल असतो, आणि मोठा खालून चपटा होतो. आणि शेवटचं, पुस्तक सगळी उत्तरं सांगून मोकळं होतं, की काही जागा मुलासाठी ठेवतं?

जागा ठेवण्याचं हे काम काही लोकांनी फार विचारपूर्वक केलंय. जपानमध्ये १९६९ पासून 'कागाकू नो तोमो' म्हणजे 'विज्ञानाचा सोबती' नावाचं मासिक निघतं. मासिक म्हणजे काय, दर महिन्याला एक पातळ चित्रपुस्तक, एका अंकात एकच विषय. एकच विषय असल्यामुळे चित्रकाराला थांबून बघायला पानं मिळतात. आपल्याकडे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात जयश्री रामदास यांनी 'स्मॉल सायन्स' ही पुस्तकमाला केली, ती मराठीतही आली. ती थोड्या मोठ्या मुलांसाठी, तिसरीपासूनची. पण तिथंही आधी बघा, करा, काढा, आणि मग लिहा. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि स्वतः चित्रं काढतात. त्यांची पुस्तकं विज्ञानाची म्हणून नसली, तरी त्यांतली घरं, माणसं, वस्तू इतक्या आपल्या असतात, की मूल प्रत्येक कोपरा तपासतं. चित्र तपासायची सवय लागली, की तीच सवय पुढं विज्ञानात कामाला येते.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.

प्रश्न (एक अंगणवाडीताई): सर, हे सगळं बरोबर आहे, पण पुस्तकं आणायची कुठून? आमच्याकडे त्यासाठी पैसे कुठायत?

उत्तर: ताई, अगदी खरंय. दोन वाटा सांगतो. प्रथम बुक्स या संस्थेनं २०१५ साली स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. तिथली पुस्तकं मोफत वाचता येतात, उतरवून घेता येतात, छापता येतात. विज्ञानाची चित्रपुस्तकंही आहेत. तिथली कितीतरी पुस्तकं मराठीतही आहेत आणि कानडीतही, चित्रं तीच. दोन्ही प्रती शेजारी-शेजारी ठेवून वाचून बघा. आणि भाषांतर नसेल, तर ते तुम्ही करू शकता, तशी परवानगी त्या परवान्यातच आहे. अरविंद गुप्ता, टाकाऊतून खेळणी करणारे, त्यांच्याही संकेतस्थळावर मराठी पुस्तकांचा मोठा साठा फुकट आहे. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं विकत घेतली तरी तुलनेनं स्वस्त पडतात.

दुसरी वाट त्याहून स्वस्त. एक पाठकोरा कागद घ्या. तीन वेळा घडी घाला, उलगडा, मधल्या घडीवर एक चीर द्या आणि दुमडा. आठ पानांचं पुस्तक झालं. रुईच्या अळीचं पुस्तक, चंद्राचं पुस्तक, आमच्या विहिरीचं पुस्तक. मुलानं काढायचं, ते जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत तुम्ही खाली लिहायचं. कानडीत सांगितलं तर कानडी शब्द लिहायचा.

प्रश्न (एक पालक): पुस्तकापेक्षा मोबाइलवर व्हिडिओ दाखवला तर? त्यात फुलपाखरू खरंच बाहेर येताना दिसतं.

उत्तर: दाखवा की, मी मोबाइलच्या विरोधात नाही. कोषातून बाहेर येताना बघायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पण व्हिडिओ त्याच्या वेगानं पळतो. चित्र मुलासाठी थांबतं. त्यावर बोट ठेवता येतं, मागं जाता येतं, "हे काय?" म्हणता येतं. तीन आठवड्यांचं काम व्हिडिओत तीन मिनिटांत होतं, आणि मग रुईवरची अळी दोन दिवसांत फुलपाखरू झाली नाही तर मूल कंटाळतं. म्हणून क्रम असा ठेवा, आधी पुस्तक, मग रुई, मग व्हिडिओ.

प्रश्न (एक शिक्षिका): मूल असं काही विचारतं की आम्हालाच येत नाही. मग वर्गात अडचण होते.

उत्तर: बाई, अडचण कसली! "मला माहीत नाही, आपण बघू" हे वाक्य मुलानं शिक्षकाच्या तोंडून ऐकलं पाहिजे. फक्त 'बघू' म्हटलं की खरंच बघायचं, ते विसरायचं नाही. वर्गाच्या भिंतीवर एक कागद लावा, वर लिहा, 'आम्हाला पडलेले प्रश्न'. प्रश्न कुठल्याही भाषेतला चालेल. उत्तर सापडलं की शेजारी चित्र काढायचं. वर्षाच्या शेवटी तो कागद उतरवा, तुमच्या शाळेचं विज्ञानाचं चित्रपुस्तक तयार झालेलं असेल. ते पुढच्या वर्षीच्या पहिलीला द्या.

पुढच्या अमावास्येनंतर दोन दिवसांनी, संध्याकाळी, पश्चिमेला बघायला विसरू नका. आणि मुलाला वही-पेन्सिल घेऊन सोबत न्या.